इवाईबुवांनी बोडी सोडली

पवनीच्या नंदलालवर गेल्या दिवाळीनंतर जो प्रसंग आला, तो फार थोड्या बापांवर आला असेल. पोरीचं लग्न जुळलं. स्थळ चांगलं, मुलगा सुपारीच्या खांडालाही न शिवणारा, घरी धानाची शेती, मागणं काहीच नाही. सगळं मनासारखं होतं. घोटाळा एवढाच की ज्या माणसाला नंदलाल तीस-पस्तीस वर्षं दर बाजाराच्या दिवशी शिव्या देत आला, ज्याच्या फौजा त्यानं जाळल्या, बुडवल्या आणि उपाशी मारल्या, तोच माणूस आता मुलाचा बाप म्हणून त्याच्यासमोर बसणार होता. तो व्याही झाला होता, तिकडच्या भाषेत इवाई. आणि इवायाला हरवायचं नसतं.

त्या फौजांचं आधी सांगायला हवं. नंदलालच्या घरी पुढच्या खोलीत दोन हातमाग आहेत आणि मधल्या खोलीच्या कोपऱ्यात पेटीएवढा एक जुना टीव्ही. टीव्हीला जोडलेला एक काळा कॉम्प्युटर आहे, इतका लहान की नवखे पाहुणे त्याला लेकरांची पाटी समजतात. नागपूरच्या मामानं तो दुकानाच्या कामासाठी घेतला होता. काम काही जमलं नाही, म्हणून भाच्याच्या गळ्यात मारला. सोबत आठ-दहा कॅसेटी होत्या, त्यातली एकच नीट चालली. तिच्यावरचं नाव केव्हाच पुसलं गेलं, त्यामुळे घरात तिला नुसतं 'लढाई' म्हणतात. कॉम्प्युटरची रबरी बटणं झिजली तेव्हा नंदलालनं जुन्या चपलेचं रबर कापून बसवलं, आणि यंत्र आजही कोशाच्या रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेलं असतं. दुर्गाबाईच्या लग्नातल्या शालूला एवढी जपणूक मिळाली नाही, असं दुर्गाबाई म्हणते.

आजकालच्या पोरांना ही लढाई दाखवली तर ती विचारतील, यात आहे काय? पडदाभर चौकोन. हिरवे म्हणजे रान, करडे म्हणजे डोंगर, निळे म्हणजे पाणी. मधून एक नदी, तिच्यावर एकच पूल, आणि एका अंगाला तळं. लाल ठिपके नंदलालची फौज, पांढरे ठिपके दुसऱ्याची. शत्रूचा तंबू घेतला की जिंकलं. आवाज नाही, धूर नाही. जिंकल्यावर तेवढी एक चिरकी शिट्टी वाजते, आणि ती बंद करायची सोय नाही. खेळायची रीत अशी की एकजण हुकूम टाइप करत असताना दुसऱ्यानं ओट्यावर जाऊन बसायचं. मग दुसरा आत, पहिला ओट्यावर. दोघांचे हुकूम झाले की एक बटण दाबायचं, आणि कॉम्प्युटर दोन्ही फौजा एकदम हलवतो. कुणी कुणाला कसं गंडवलं ते तेव्हा कळतं.

खेळ कॅसेटवरून चढायला बराच वेळ लागतो, आणि चढताना तो मांजराचं शेपूट चेंगरल्यासारखा ओरडतो. तेवढ्या वेळात माग चालू राहिला तर त्याच्या दणक्यानं फरशी हादरते आणि कॅसेट मध्येच अडकते. म्हणून लढाई चढताना दोन्ही माग बंद. मागावरचा कारागीर घनश्याम हे वर्षानुवर्षं सोसत आलाय. बाजाराच्या दिवशी ओट्यावर श्यामरावचा आवाज आला की तो न सांगता धोटा खाली ठेवतो आणि तोंड वाकडं करून पाय लांब करतो.

श्यामराव आसगावचा. दोघं एका समाजाचे, पवनीच्या कॉलेजात एका बाकावर बसलेले. शिकून नंदलाल घरच्या मागावर बसला, श्यामराव धानात उतरला. बाजाराच्या दिवशी गावातली कामं उरकली की तो नंदलालकडे यायचा, दारातूनच "आहेस का बे नंद्या, का मेलास?" म्हणून विचारायचा, आणि खुर्ची असली तरी सुताच्या गाठोड्यावर बसायचा. दुर्गाबाईला तो वयनी म्हणायचा. ती त्याला काळा चहा द्यायची, कारण दूध घालून दिला तर गार होईपर्यंत त्याचं लक्ष नसायचं.

आता लढाई खेळताना माणूस आपला धंदा घरी ठेवून येत नाही. श्यामरावच्या शेतात बोडी आहे, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं लहानसं तळं. पाऊस दगा देतो त्या वर्षी त्या बोडीवरच त्याचं धान पिकतं. त्यामुळे पडद्यावर निळं तळं दिसलं की त्याचा जीव तिथंच गुंतायचा. पहिल्याच हुकुमात तो झाडून सगळी फौज तळ्याकाठी नेऊन बसवायचा आणि तंबूही तिथंच ठोकायचा. या खेळात त्या तळ्याचा काडीचा उपयोग नाही, सैनिकांना तहान लागतच नाही, हे नंदलालनं त्याला कितीदा सांगितलं. श्यामराव म्हणायचा, "पाणी सोडून जाऊ कोठी? बोडी ज्याची, त्याचं राज्य."

नंदलालचं वेड वेगळं. तो मागावरचा माणूस. रांगेतला एक ठिपका विझला की त्याला ताण्यातलं सूत तुटल्यासारखं व्हायचं, आणि ती जागा भरून काढल्याशिवाय त्याला पुढं सरकवत नसे. अर्ध्या जिंकलेल्या लढाया त्यानं अशा सांधत बसून घालवल्या. एक पाणी सोडत नाही आणि दुसरा भगदाड ठेवत नाही, त्यामुळे एकेक लढाई तीन-तीन बाजार चालायची. संध्याकाळ झाली की ती तशीच कॅसेटवर साठवून ठेवायची आणि पुढच्या बाजाराला तिथून सुरू करायची. कुणाही तिसऱ्या माणसाशी गाठ पडली असती तर दोघंही सपशेल हरले असते. एकमेकांशी मात्र टक्कर बरोबरीची होती.

लग्नही या लढाईपायीच जुळलं. श्यामरावचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून त्याचा मुलगा राजकुमार त्याला मोटारसायकलवर आणून सोडायला लागला. बाप लढत असताना पोरगं करणार काय? ते ओट्यावर बसायचं. नंदलालची मुलगी कीर्ती शाळेत शिकवते, ती तेव्हा घरी आलेली असायची. असं चांगलं दोन वर्षं चाललं. शत्रूचा एक ठिपका रानाआडून सरकला तरी ज्यांच्या नजरेतून सुटत नाही असं जे दोघं छातीवर हात ठेवून सांगायचे, त्यांना आपल्या पाठीमागं चार हातांवर काय चाललंय याचा पत्ता नव्हता. दुर्गाबाईला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तिनं आसगावला सीताबाईला फोन केला, दोघी बोलल्या, आणि दोन्ही सेनापतींना अगदी शेवटी सांगण्यात आलं.

दोघांनाही आनंद झाला, यात खोटं काही नाही. त्या दिवशी त्यांनी एकमेकांना चार शिव्या जास्त दिल्या. पण साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला आणि सगळं बिघडलं.

साक्षगंधाला नंदलालनं श्यामरावच्या कपाळाला गंध लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला. गर्दीत तो "श्याम्या, सरक जरा" म्हणायला गेला, तर दुर्गाबाईनं मागून असा चिमटा काढला की पुढचं वाक्य घशातच राहिलं. आणि श्यामराव, तोंडात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याशिवाय आणि शिवीशिवाय तिसरं काही नसणारा श्यामराव, हात जोडून म्हणाला, "नंदलालजी, आमच्यापायी तरास तं नाही झाला ना?" नंदलालनं मागं वळून पाहिलं. हा नंदलालजी कोण आलाय ते त्याला कळेना.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर दुर्गाबाईनं नवऱ्याला समोर बसवलं.

"आयकून घ्या. आता इवायाले हरवाचं नाही."

"काहून? खेळ हाये तो."

"खेळ तुमच्यासाठी हाये. उद्या पोरीच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं, तं सासरा म्हणन, हिचा बापही असाच होता, घरी बोलावून आमाले पाणी पाजलं."

"श्याम्या असं नाही म्हणाचा."

"श्याम्या नाही म्हणाचा," दुर्गाबाई म्हणाली. "पण श्याम्या हाये कोठी आता? इवाई हाये तो."

दुर्गाबाईचं चूक नव्हतं. त्यानं आजूबाजूला पाहिलेलं होतं. लग्नात व्याही रुसला, जेवणाच्या ताटावरून उठला, आणि त्याचे टोमणे पोरीनं वीस वर्षं ऐकले, अशी घरं त्याच्याच गल्लीत होती. आणि नेमकी एक लढाई साक्षगंधाच्या आधी अर्धी राहिलेली होती. कॅसेटवर ती तशीच होती. लाल फौजेनं बोडीला चहूबाजूंनी वेढा घातलेला, कुठं सुईएवढी फट नाही. आणखी दोन-तीन हुकूम, की पांढरा तंबू पडला. एरवी असा वेढा घातल्यावर नंदलाल आठवडाभर शीळ घालत फिरला असता.

पहिल्या बाजाराला श्यामराव आला नाही. मळणी आहे, असा निरोप आला. दुसऱ्या बाजारालाही आला नाही. कीर्तीनं राजकुमारकडून फोनवर काढलेली बातमी अशी की, आता मुलीच्या घरी वेळी-अवेळी जाऊन बसणं बरं दिसत नाही, गेलो की ते लोक टोपी-दुपट्टा घालतील, पाय धुतील, त्यांना उगाच धावपळ, असं श्यामरावचं म्हणणं. नंदलाल दोन्ही दिवशी संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिला. घनश्यामचा माग दोन्ही दिवशी बिनधोक चालला आणि त्या आवाजानं नंदलालचं डोकं उठलं. पोरगी जाणार याची त्यानं मनाची तयारी केली होती. पोरीच्या बापाला ती करावीच लागते. पण पोरीबरोबर मित्रही जाईल हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या बाजाराला दुपारी मोटार थांबली. मोटारसायकल नव्हे, भाड्याची मोटार. आतून सीताबाई उतरली, मागून कोट आणि टोपी घातलेला श्यामराव. हातात शिंगाड्यांची पिशवी होती, बोडीतले ताजे शिंगाडे. दुर्गाबाईची धांदल उडाली. तिनं परात आणि तांब्या आणला आणि नंदलालला डोळ्यांनी खुणावलं. नंदलाल उकिडवा बसला आणि श्यामरावच्या पायांवर पाणी घालू लागला. याच पायांना त्यानं "चिखल घेऊन आला का बे घरात" म्हणून कितीदा ओट्यावरूनच हाकललं होतं. श्यामराव छताकडे बघत होता.

मग वडे झाले, सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या झाल्या, तांदळाची खीर झाली. श्यामरावला तक्क्या लावून खुर्चीत बसवलं. गाठोडं शेजारीच होतं, पण त्याच्याकडं बघायची कुणाची छाती झाली नाही.

"यंदा धान कसं काय, इवाईबुवा?" नंदलालनं विचारलं.

"बरं हाये. तुमचे माग कसे काय?"

"चालून राहिले."

श्यामराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. आणि तेवढ्यात पुढच्या खोलीतला माग थांबला. घनश्याम बिचारा सवयीचा गुलाम. बाजाराचा दिवस, श्यामरावचा आवाज, म्हणजे लढाई चढणार, म्हणून त्यानं धोटा खाली ठेवला आणि तिथूनच म्हणाला, "लावा लवकर. मले कीर्तीबाईच्या शालूचा पदर पुरा कराचा हाये."

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या टीव्हीकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे पाहायचं टाळलं. शेवटी सीताबाईच म्हणाली, "लावा ना. मलेही पाहू द्या, इतके वर्सं हे कायसाठी येऊन राहिले होते."

कॅसेट किंचाळली, पडदा उजळला, आणि अर्धी राहिलेली लढाई जशीच्या तशी समोर आली. बोडीभोवती लाल कडं घट्ट आवळलेलं. नंदलालला आपल्याच घरात चोरी पकडल्यासारखं झालं.

"तुमी आधी," श्यामराव म्हणाला.

"छे, छे. मान तुमचा."

"घर तुमचं हाये, नंदलालजी."

या घरात आधी बसण्यावरून कधीकाळी कॉलर धरलेली होती. शेवटी श्यामराव बसला, नंदलाल ओट्यावर गेला. मग नंदलाल बसला. दाराआडून दुर्गाबाई बघत होती. त्यानं एक उसासा टाकला आणि उत्तरेकडचे दोन लाल ठिपके मागं घेतले. वेढ्याला भगदाड पडलं. ते टाइप करताना त्याची बोटं अडखळली, कारण असं उसवलेलं त्याला आयुष्यात बघवलं नव्हतं. श्यामराव आता तिथून फौज काढील, थोडी मारामारी होईल आणि आपण इज्जतीनं हरू, असा त्याचा हिशेब.

बटण दाबलं. लाल ठिपके मागं सरले. पांढरे मात्र भगदाडातून निघालेच नाहीत. उलट पुलावर श्यामरावची जी चौकी होती, तीच त्यानं उठवून घेतली होती. लाल कुमकेला पूल मोकळा पडला.

"वा," नंदलाल म्हणाला. "चांगला डाव टाकला."

"तुमचाही काही कमी नाही."

पुढच्या हुकुमाला नंदलालनं पुलाकडं जाणारी फौज डोंगरात नेऊन बसवली. श्यामरावनं तोफा रानात दडवल्या. त्याच्या पुढच्या हुकुमाला नंदलाल आणखी मागं गेला, तर श्यामराव त्याच्याही मागं. दोन्ही फौजा पाठीला पाय लावून पळत पडद्याच्या दोन टोकांना जाऊन पोचल्या, आणि बोडीकाठचा तंबू आणि त्याभोवतीचे चार राखणदार तेवढे मागं राहिले. शत्रू कुठंच दिसत नाही, असं कॉम्प्युटरनं इंग्रजीत लिहून दाखवलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य दोघांनीही पहिल्यांदा वाचलं.

"याले लढाई म्हणते का वो?" सीताबाईनं दुर्गाबाईला हळूच विचारलं. "सारे आपापल्या गावाले चाल्ले."

दुर्गाबाई मात्र खूश होती. कुणी कुणाला मारत नाही, आवाज चढत नाही, नंदलाल खाली मान घालून आहे. तिला अशीच लढाई हवी होती.

मग श्यामरावचा हुकूम झाला, नंदलालचा झाला, बटण दाबलं, आणि नंदलाल पडद्याकडं झुकला. पांढरा तंबू हलला होता. राखणदार हलले होते. निळ्या तळ्याच्या काठावर एकही पांढरा ठिपका उरला नव्हता. श्यामरावनं तंबू उचलून उघड्या माळावर, लाल तोफांच्या थेट तोंडासमोर आणून ठेवला होता.

श्यामरावनं बोडी सोडली होती.

पुढचा हुकूम आधी नंदलालचा होता. श्यामराव टोपी सावरत ओट्यावर गेला. नंदलाल पडद्यासमोर बसून राहिला. हा मुद्दाम हरतोय, हे एव्हाना लेकराच्याही ध्यानात आलं असतं. पण नंदलालला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. भर पावसाळ्यात, श्यामरावचा बाप वारला त्या वर्षीसुद्धा, या माणसानं ते तळं सोडलं नव्हतं. बोडीसाठी तो भावाशी भांडला होता. आणि आज त्यानं ती सोडली, नंदलालसाठी नव्हे, कुण्या नंदलालजीसाठी. परक्या माणसापुढं ताट सरकवावं तशी. आपणही वेढा असाच उसवला, तेव्हा त्यालाही असंच वाटलं असेल, हे नंदलालच्या आत्ता लक्षात आलं. त्याला रडू यायचं बाकी होतं.

तंबू घेतला तर व्याही रुसेल. नाही घेतला तर हे असंच चालेल. वडे, खीर, पाय धुणं, "धान कसं काय", "माग कसे काय", दोघांपैकी एकजण मरेपर्यंत.

दुर्गाबाईला पडद्यावरचं काही कळत नाही, पण नवऱ्याचा चेहरा तिला पाठ आहे. ती दाराआडून खोकली. मग आणखी जोरात खोकली. नंदलालनं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं लाल तोफा, घोडदळ, डोंगरात बसवलेली माणसं, जे जे होतं ते सगळं एका हुकुमात त्या माळावर सोडलं. मग ओट्यावर जाऊन म्हणाला, "बसा, इवाईबुवा."

श्यामराव आत गेला आणि लगेच बाहेर आला, कारण त्याला काही टाइप करायचंच नव्हतं. दोघं पडद्यासमोर उभे राहिले. बटण श्यामरावनं दाबलं.

माळावरचे पांढरे ठिपके एकेक करून लुकलुकले आणि विझले. तंबू सगळ्यात शेवटी विझला. आणि मग ती शिट्टी सुरू झाली. ती आपली वाजतेय, थांबतेय, पुन्हा वाजतेय. सीताबाईनं तोंडाला पदर लावला. कीर्ती स्वयंपाकघराच्या दारात हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली.

श्यामरावनं दुपट्टा सारखा केला, चपला पायात घातल्या आणि ओट्याच्या पायऱ्या उतरून मोटारीकडं गेला.

"रुसले," सीताबाई म्हणाली. "आता हे कोणाचं आयकत नाही."

दुर्गाबाई नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "झालं समाधान?" एवढंच ती म्हणाली. नंदलालनं कीर्तीकडं पाहिलं, आणि आपण एका तंबूपायी पोरीच्या संसाराला काडी लावली, असं त्याला वाटलं. मोटारीचं दार धाडकन लागल्याचा आवाज आला.

मग चपलांचा आवाज आला, ओट्याकडं येणारा.

दारात श्यामराव उभा होता. कोट नाही, टोपी नाही, दुपट्टा नाही. सगळं मोटारीत टाकून आला होता. अंगात नुसती बंडी, गालात खर्रा. तक्क्याची खुर्ची पायानं बाजूला सारून तो सुताच्या गाठोड्यावर बसला आणि गुडघे चोळत म्हणाला, "नंद्या, हरामखोरा, जेवू घालून मारलंस बे मले."

नंदलाल त्याच्यासमोर उकिडवा बसला. "तू बोडी काहून सोडली?"

"तू वेढा काहून उसवला?"

"कीर्तीच्या मायनं सांगतलं. इवायाले हरवाचं नाही म्हणे."

"अन मले राजकुमारच्या मायनं सांगतलं," श्यामराव म्हणाला. "पोरीच्या बापाले त्याच्या घरात, त्याच्या पोरीदेखत मान खाली घालाले लावाची नाही."

दुर्गाबाईनं सीताबाईकडं पाहिलं. सीताबाई शिंगाड्यांच्या पिशवीची गाठ सोडण्यात गुंतली.

"दोन बाजार गेले," श्यामराव पुढं म्हणाला, "मले कोणी शिवी नाही देल्ली. जेवण गोड लागून नाही राहिलं. तुही पोरगी माह्या घरी येऊन राहिली, चांगलं हाये, लेकीवानी ठेवीन. पण तुले इवाई करून म्या काय करू? इवाई मले सतरा भेटतीन." मग त्यानं मान वळवली. "वयनी, चहा टाका. मानाचा नको. रोजचा."

साक्षगंधापासून दुर्गाबाई त्याच्या तोंडून 'इहीनबाई', म्हणजे विहीणबाई, ऐकत आली होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "दूध सारं खिरीत गेलं. काळा हाये."

"काळाच तं पेत होतो."

घनश्यामनं पुढच्या खोलीतून विचारलं, "मंग आता माग चालू करू का?"

"थांब. कॅसेट चढू दे."

"पोरीचं लगन व्हऊन जाईन, पदर तसाच राहीन," घनश्याम म्हणाला, पण त्यानं धोटा उचलला नाही.

नवी लढाई चढली. आधी कोण बसणार यावरून दोघांची चांगली जुंपली आणि सीताबाईला मध्ये पडावं लागलं. शेवटी नंदलाल आधी बसला. त्यानं रांग लावली, तिच्यात एक जागा रिकामी दिसली म्हणून अख्खी फौज थांबवून ती भरली, आणि ओट्यावर जाऊन बसला. आत श्यामराव चपलेच्या रबराची बटणं दाबत होता. नंदलालला बसवेना. पाय मोकळे करायच्या निमित्तानं तो दोनदा दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा "दूर व्हय बे" ऐकून परत आला. शिव्या दिल्या, गाठोड्यावर बसला, हे सगळं खरं. पण माणूस मनातून अजून इवाई असला तर?

"ये," आतून हाक आली.

नंदलालनं बटण दाबलं. पडदा लुकलुकला. पूल मोकळा होता, रान मोकळं होतं, डोंगरात कुणी नव्हतं. पांढरे ठिपके झाडून सगळे, तंबूसकट, बोडीच्या काठावर दाटीवाटीनं बसलेले होते.

"आलास का बे परत," नंदलाल म्हणाला.